गुरुजींचा ठहराव

कुंदाताई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. हा त्यांचा गर्व आहे असं लाखनीतल्या बऱ्याच बायकांचं मत होतं, आणि ते खोडून काढायच्या भानगडीत ताई कधी पडल्या नाहीत. त्या पायांकडे बघत. आठवडी बाजारात खाली बसून वांगी निवडताना समोर दोन टाचा येऊन थांबल्या, की मान वर न करता विचारत, "काहून जी काकू, सून आली का दवाखान्यातून?" टाचांची मालकीण दचकत असे. आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले तेव्हा गावानं त्यांचं शिक्षण, सासुरवाडी आणि बदलीचं कारण, सगळं आठवड्याभरात शोधून काढलं. ताईंनी त्यांना लांबून एकदा व्हरांड्यात चालताना पाहिलं आणि मला म्हणाल्या, "उजवी टाच घासते. मानूस आळशी हाय, पन दुष्ट नाई." पुढे बरीच वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली. ताईंच्या वाक्यात दुरुस्ती करावी असं काही मला सापडलं नाही.

त्या कथक शिकवत. लाखनीत तोवर नाच म्हणजे एक तर वरातीतला, नाहीतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकातला, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनातला. यातल्या कशालाही शिकवणी लागते असं कोणाला वाटत नव्हतं. ताईंचे वडील रेल्वेत होते. त्यांच्या बदलीमुळे ताईंचं लहानपण छत्तीसगडच्या एका गावात गेलं आणि तिथे त्यांना गुरुजी भेटले. गुरुजींचं नाव ताई घेत नसत, नुसतं 'गुरुजी' म्हणत आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावत. फोडणी देताना गुरुजींचा विषय निघाला तर आधी उलथणं खाली ठेवत, मग कान धरत आणि मग बोलत. तेवढ्यात मोहरी जळून जाई.

लग्न होऊन त्या लाखनीला आल्या ते धानशेतीच्या घरात. त्यांचे यजमान शामराव हे गावातले एक अत्यंत सावकाश गृहस्थ. त्यांना प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याचं दुसरं एखादं काम होऊन जाई. ताई त्यांना 'विलंबित' म्हणत, आणि शामराव त्यावर थोड्या वेळानं हसत. बायको नाच शिकवू म्हणते म्हटल्यावर त्यांनी धानाच्या कोठीतला अर्धा भाग झाडून दिला. एवढंच केलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मात्र धान आलं की कोठी धानाची. दिवाळीनंतर कट्टे, म्हणजे भरलेली पोती, यायला लागत, ते छतापर्यंत रचले जात आणि मुलींना नाचायला एक चिंचोळी गल्ली उरे. त्या गल्लीत गिरक्या घेणं शक्य नसे, म्हणून हिवाळाभर नुसतं पायांचं काम चाले. उन्हाळ्यात दोनचार कट्टे सोडून कोठी रिकामी झाली की चक्कर सुरू. कथकचा अभ्यासक्रम धानाच्या हंगामावर ठरलेला असतो असा माझा बरेच दिवस समज होता.

मी शाळेत गणित शिकवायचो आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचो. एका संध्याकाळी ताई घरी आल्या, माझ्या पावलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, सोळा मोजता येते का?"

"ताई, मी गणिताचा शिक्षक आहे."

"थे मले माहीत हाय. सोळा मोजता येते का?"

कथकमध्ये पेटीवाल्याचं काम म्हणजे लेहरा. सोळा मात्रांची एक छोटीशी धून असते. नाचणारी काहीही करो, पेटीवाल्यानं तीच धून तशीच पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, म्हणजे नाचणारीला आपण कुठे आहोत ते कळतं. एकच गोष्ट त्याच सुरात वर्षानुवर्षं सांगत राहायची सवय मला शाळेमुळे होतीच. तबलजी परवडत नव्हता, म्हणून तबल्याचे बोल ताई तोंडानं म्हणत आणि हातानं टाळी देऊन ताल धरत. असा हा आमचा संच होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली. नाचाचा एखादा तुकडा संपतो तो समेवर, म्हणजे सोळा मात्रा संपून पुन्हा पहिली येते तिथे. नाचणारीचा शेवटचा पाय, तालाची टाळी आणि पेटीचा सूर, तिघांनी एकदमच दारात पोचायचं. हे मला भजनामुळे माहीत होतं. पण ताई म्हणाल्या, "शेवटच्या पावलाच्या आंधी थोडं थांबायचं."

"किती थांबायचं?"

"थोडं."

"म्हणजे अर्धी मात्रा? पाव?"

"मास्तर, थे गनित नाई. थो ठहराव हाय. गुरुजीईचा." आणि कानाला हात.

मग त्यांनी करून दाखवला. तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास असतील, पण उभ्या राहिल्या की वय विसरायला होई. गिरक्या झाल्या, बोल झपाट्यानं शेवटाकडे आले आणि शेवटचं पाऊल पडायच्या ऐन वेळी त्या किंचित डावीकडे झुकल्या, उजवा हात कमरेशी नेला, एक श्वास घेतला आणि मग उजवा पाय टेकवला. श्वासभर सगळी कोठी थांबली. मलाही पेटीवरचा शेवटचा सूर लांबवावा लागला. गणिताच्या हिशेबानं ते चूक होतं. बघायला इतकं सुंदर होतं, की शास्त्रीय संगीतात गुरू तालापेक्षा मोठा असतो अशी माझी मी समजूत करून घेतली आणि थांबायला शिकलो.

इतका शिकलो, की मला दुसरं काही येईना. आमच्या भजनी मंडळाची आरतीसुद्धा शेवटी एकदा थांबून मग संपायला लागली. टाळकऱ्यांनी थोडी कुरकुर केली आणि मग तेही थांबायला लागले.

गावानंही ठहराव अंगवळणी पाडून घेतला. ताईंच्या मुलींचा कार्यक्रम असला की लाखनीकर त्या श्वासापुरते गप्प बसत आणि पाय पडल्यावरच टाळ्या वाजवत. बाहेरून आलेला पाहुणा मात्र मुलगी थांबली की नाच संपला असं समजून टाळ्या सुरू करी, आणि मग ती आणखी एक पाय टाकी तेव्हा एकट्यानं वाजवलेल्या टाळ्यांकडे बघत बसे. एका वर्षी एक मोठे पुढारी प्रमुख पाहुणे होते. ते असे तीनदा फसले. चौथ्यांदा त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले आणि टाळ्या वाजवल्याच नाहीत. शेवटी भाषणात ते म्हणाले की कथक हा फार खोल विषय आहे.

ताईंच्या शिकवणीला पालक कंटाळत. पोरगी वर्षभर जाते आणि नुसती 'ता थेई थेई तत' म्हणत उभी राहते, अशी तक्रार असे. बोल तोंडानं म्हणता येईपर्यंत आणि हातानं ताल धरता येईपर्यंत घुंगरू मिळत नसत. एकदा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, गॅदरिंगसाठी एखादं पिक्चरचं गाणं बसवून द्या ना जी. पाच मिनिटाचं."

"गानं बसन," ताई म्हणाल्या. "पन पोरगी अजून उभी नाई राहत."

"उभीच तं हाय."

ताईंनी मुलीच्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं. "हे उभं राहनं नाई. ही एस्टीची वाट पाहून राहिली." बाई रागावून गेल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच आली.

ताईंच्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या. बहुतेक दहावीपर्यंत टिकत, मग ट्यूशन, मग लग्न. ताई त्याचं दुःख करत नसत. 'पाय तं घेऊन गेली ना,' म्हणत. पण प्रणाली आली आणि ताईंचं बोलणं थोडं बदललं. प्रणाली ही सुधाकरभाऊंची मुलगी. सुधाकरभाऊंचं हायवेवर, उड्डाणपुलाच्या खाली, ट्रकच्या पंक्चरचं दुकान. रोज संध्याकाळी ते मुलीला मोटारसायकलवर घेऊन येत आणि वर्ग सुटेपर्यंत धानाच्या कट्ट्यावर बसून राहत. हात काळे, म्हणून ते दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवत. काही बोलत नसत. मुलीच्या नाचाबद्दल त्यांचं काय मत आहे हे आम्हाला कित्येक वर्षं कळलं नाही.

ही मुलगी बारावीनंतर नाचाचीच पदवी घ्यायची म्हणाली. शेजारच्या राज्यात त्यासाठीचं विद्यापीठ आहे, वसतिगृह आहे, प्रवेशासाठी नाचाची परीक्षा आहे आणि तिचं एक केंद्र नागपूरला आहे. सुधाकरभाऊंच्या घरी यावर बरीच चर्चा झाली असावी. शेवटी ते कोठीत येऊन ताईंना म्हणाले, "एक बार पाहू जी ताई. नाई लागला नंबर तं नर्सिंगचा फारम भरून ठेवला हाय." मग पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. तर एवढं होतं पणाला. लाखनीतून एक मुलगी नाचायला जाणार होती किंवा जाणार नव्हती. ताईंनी त्या दिवसापासून दुपारची झोप सोडली.

त्याच उन्हाळ्यात, लग्नसराईत, शकुनदीदी आल्या. दीदी म्हणजे गुरुजींच्या मुलगी आणि ताईंच्या गुरुबहीण, वयानं मोठ्या, सणसणीत आवाजाच्या, छत्तीसगडच्याच. भंडाऱ्याला कोणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या आणि कुंदा इथेच कुठेतरी राहते म्हणून शोधत शोधत कोठीवर आल्या. दोघींची भेट कित्येक वर्षांनी होत होती. ताईंनी एकदम त्यांचे पाय धरले आणि मग, सवयीनं, ते पाय जरा बघूनही घेतले. चहापोहे झाले. ताई म्हणाल्या, "दीदी, हमारी लड़की देखो."

प्रणाली उभी राहिली. मी लेहरा धरला, ताईंनी बोल म्हटले. मुलगी फार चांगली नाचली. शेवटच्या गिरक्या झाल्या, ती डावीकडे झुकली, हात कमरेशी गेला, श्वास, आणि पाय. आम्ही तिघेही बरोबर पोचलो.

शकुनदीदी म्हणाल्या, "ये आख़िर में क्या किया?"

"गुरुजी का ठहराव," ताई म्हणाल्या आणि कान धरला.

दीदींनी प्रणालीला ते पुन्हा करायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघून त्या आधी हसायलाच लागल्या. "अरे कुंदा! ये ठहराव नहीं है रे. ये बाबूजी का घुटना है."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ताई शिकायला गेल्या त्याच्या थोडं आधी गुरुजींची रिक्षा उलटली होती आणि उजवा गुडघा जायबंदी झाला होता. उजव्या पायावर भार द्यायच्या आधी त्यांना डावीकडे झुकून, कमरेला हात देऊन, दम खावा लागे. तबलजी घरचाच, तो बिचारा थांबे. ताई होत्या ती सगळी वर्षं गुडघ्याचीच. पुढे ताईंच्या वडिलांची बदली झाली, ताई गेल्या, त्यानंतर कोणा वैद्याच्या मालिशीनं गुडघा सुधारला आणि गुरुजी पुन्हा पूर्वीसारखे नेमके समेवर यायला लागले. दीदींनी ते आधीही पाहिलं होतं आणि नंतरही. ताईंनी मधलंच पाहिलं होतं.

"फिर मुझे टोका क्यों नहीं?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"टोकते क्या! घर आके हँसते थे. कहते, वो मराठी लड़की मेरी नकल उतारती है, और क्या बढ़िया उतारती है." दीदी पुन्हा हसल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या. "पर इम्तहान में तबलेवाला रुकेगा नहीं, कुंदा. वो तो सीधा बेताल लिख देंगे. निकालो इसको."

ताईंनी त्यांना विचारलं, पोहे आणखी देऊ का.

दीदी गेल्या. पुढचे काही दिवस वर्गात काहीही बदललं नाही. मी थांबत होतो, प्रणाली थांबत होती, ताईही थांबत होत्या. फक्त ताई फोडणी देताना गुरुजींचा विषय काढेनाशा झाल्या, असं शामराव मला म्हणाले. मोहरी जळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मग एका संध्याकाळी मुली गेल्यावर ताई कोठीच्या उंबऱ्यावर बसल्या. मी पेटी बांधत होतो. त्या म्हणाल्या, "थे हासायचे ना मास्तर. मी नाचून झालं का माह्याकडं पाहून हासायचे. मले वाटे, खूश होऊन हासून राहिले."

खूशही असतील, असं काहीतरी मी म्हणालो.

"एक बार तं सांगाचं होतं. पोरी, हा माहा गुडघा हाय, हा नको घेऊ म्हनून. मी किती पोरीईले दिला थो." त्यांनी पदरानं नाक पुसलं. इतक्या वर्षांत ताईंच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला त्यांच्या गुरुजींचा, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, फार राग आला.

शामराव आत उरलेले कट्टे मोजत होते. बऱ्याच वेळानं आतूनच त्यांचा आवाज आला, "गुडघा असन तं असन. पन त्याईचाच होता ना."

ताई उठल्या आणि भात टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी ठहराव काढायचं काम सुरू झालं. प्रणालीला ते अजिबात पटलं नाही. "मले थेच आवडते," ती म्हणाली. "तठी येऊन तं नाच पुरा होते. मंग आमी आजवर चुकीचं नाचलो का?"

"चुकीचं नाई," ताई म्हणाल्या. "पन नागपूरचा तबला तुह्यासाठी थांबन नाई. तुले जायचं हाय का नाई विद्यापीठात?"

"हाव, पन..."

"मंग पानी पी आन् पुन्हा घे."

अडचण प्रणालीची नव्हतीच, आमची होती. ताई सरळ करून दाखवायला उभ्या राहिल्या, गिरक्या घेतल्या, आणि डावीकडे झुकल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा झुकल्या. मग त्या भिंतीकडे तोंड करून नुसते बोल म्हणायला लागल्या, म्हणजे मुलीला त्यांचं अंग दिसायला नको. तर तोंडही थांबलं. शेवटच्या 'धा'च्या आधी त्यांचा श्वास आपोआप आत जाई आणि मुलगी तो ऐकून झुके. मी म्हटलं, ताई, मी थांबत नाही, मी सरळ वाजवतो. वाजवलं.

"तुमी बी थांबले," ताई म्हणाल्या.

"मी नाही थांबलो."

"तुमी नाई, तुमचा हात थांबला."

शेवटी प्रणालीनं मोबाईलवर लेहऱ्याचं ॲप टाकून आणलं. त्यात पेटी वाजते, तबला वाजतो आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. फोन धानाच्या कट्ट्यावर उभा केला. ताईंनी मला सांगितलं, "मास्तर, तुमी काही दिवस नोका वाजवू." आणि स्वतःही बोल म्हणायचं बंद केलं. त्या कोठीत ताईंचा आवाज नसलेला वर्ग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मुलगी नाचे, फोन वाजे. आम्ही दोघं समोर बसून असू, मी बंद पेटीवर कोपर टेकून आणि ताई तोंडावर पदर धरून. श्वास ऐकू जाऊ नये म्हणून त्या पदर धरत. सुधाकरभाऊ आपल्या कट्ट्यावरून कधी फोनकडे आणि कधी आमच्याकडे बघत. काय चाललंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

जून लागेपर्यंत मुलगी सरळ यायला लागली. दहा वेळा घेतलं तर एखाददुसऱ्या वेळी झुके. ती झुकली की ताई 'नाई' म्हणत. एकदा मात्र ती झुकली आणि ताई काहीच म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या बघत होत्या नुसत्या. मग स्वतःलाच रागावल्यासारख्या म्हणाल्या, "नाई. पुन्हा घे."

परीक्षेला आम्ही तिघं मुलीबरोबर नागपूरला गेलो. सुधाकरभाऊंनी दुकानाला कुलूप लावलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. हात घासून घासून लाल झाले होते, नखांतला काळेपणा तेवढा राहिला होता. केंद्र एका जुन्या इमारतीत होतं. मुलींना एकेक करून आत बोलावत आणि बरोबरच्या माणसांनी बाहेर लांब बाकावर बसायचं. बाकाच्या मागे दालनाची खिडकी होती. तिला जाळी होती आणि जाळीतून मान वाकडी केली की आतलं निम्मं दिसे. नाचणाऱ्या मुलीचे पाय बरोबर त्या निम्म्यात येत होते. ताईंना तेवढं पुरेसं होतं.

आमच्या आधी चारपाच मुली होऊन गेल्या. ताई प्रत्येकीचे पाय बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, म्हणजे मुली चांगल्या होत्या. एक शिपाई मधूनमधून येऊन आम्हाला खिडकीपासून लांब बसायला सांगे. आम्ही लांब बसत असू आणि तो गेला की पुन्हा जवळ.

प्रणालीचं नाव पुकारलं. तिनं वाकून ताईंना नमस्कार केला, बापाला केला, मलाही केला आणि आत गेली. घुंगरांचा आवाज दारातून आत जाऊन मध्यावर थांबला. तबला लागला, पेटी लागली. दोन्ही वाजवणारे तयारीचे होते, आणि ते थांबणारे नव्हते हे पहिल्या आवर्तनातच कळलं. माझी बोटं गुडघ्यावर हलायला लागली. ताईंनी मांडीवर ताल धरला. तिथे मोठ्यानं टाळी देता येणार नव्हती, म्हणून एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं अलगद टेकवत होत्या.

मुलगी उभी नीट राहिली. पायांचं काम स्वच्छ झालं, हिवाळाभराच्या त्या गल्लीतलं सगळं काम आलं. परीक्षकांनी मधे काहीतरी विचारलं, तिनं हातानं ताल देत बोल म्हणून दाखवले. मग शेवटचा तुकडा. गिरक्या सुरू झाल्या आणि ताई बाकावर पुढे सरकल्या. आता झुकते की नाही, एवढंच बघायचं होतं. लय चढली, बोल शेवटाकडे आले, मी श्वास धरला, आणि प्रणाली सरळ खाली आली. पाय, तबला, पेटी, तिन्ही एकदम. मधे काही नव्हतं.

त्यानंतर ताईंची टाळी वाजली. खूप नाही, श्वासभरच नंतर. पण त्या शांत व्हरांड्यात ती चांगली मोठी वाजली, बोटांऐवजी पूर्ण हाताची. शिपायानं आमच्याकडे पाहिलं.

सुधाकरभाऊंचा चेहरा उतरला होता. ते ताईंकडे वळून हळूच म्हणाले, "चुकली का जी ताई? थांबली नाई ना थे."

त्यांचं नाचाबद्दलचं मत तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं.

"नाई जी भाऊ," ताई म्हणाल्या. "बरोबर आली. पह्यल्यांदा कोनी बरोबर आलं."

"मंग तुमची टाळी?"

"थे माही होती," ताई म्हणाल्या.

पुढे यादी लागली, तीत प्रणालीचं नाव होतं. ती आता तिथल्या वसतिगृहात राहते आणि सुट्टीत आली की लाखनीच्या मुलींना सरळ यायला शिकवते. मी निवृत्त होऊन मोहाडीला, माझ्या गावी, राहायला आलो. कोठीत आता फोनच वाजतो असं ऐकतो. ताईंची भेट त्यानंतर धावतीच झाली, लग्नात वगैरे. पण ताई म्हटलं की मला त्या बाकावरच दिसतात. भाऊ उठून मुलीला आणायला दाराशी गेले होते. टाळी देताना मिटलेले ताईंचे हात तसेच मिटून मांडीवर होते. आत पुढच्या मुलीचं नाव पुकारलं, तबला पुन्हा लागला, खिडकीच्या जाळीत दुसरे पाय आले. ताईंनी तिकडे पाहिलं नाही आणि हातही सोडवले नाहीत.